वाट सोडल्याची चिठ्ठी

माणसाने चुकावं, पण चौगुले अण्णांच्या देखत चुकू नये. मी नोकरीच्या पहिल्याच दिवशी चुकले. नागपूरहून बंगळूरला येऊन चार दिवस झालेले, होसूर रोड म्हणजे काय प्रकरण आहे हे कोणी बापाने सांगितलं नव्हतं, आणि बोम्मसंद्र्याच्या आमच्या कारखान्यात मी साडेआठऐवजी आठ सदतीसला पोचले. क्वालिटीच्या खोलीच्या दारात एक बुटके, जाड भिंगांचे, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेले गृहस्थ उभे होते. त्यांनी घड्याळाकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. शर्टाच्या खिशातून एक गुलाबी कागद काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “भरा.”

कागदावर पाच रकाने होते. काय ठरलं होतं. काय झालं. का झालं. आता काय करायचं. कधीपर्यंत.

“सॉरी सर, ट्रॅफिक इतका होता ना...”

“सॉरीला रकाना न्हाई, बाई,” ते म्हणाले. “‘का झालं’मध्ये ट्रॅफिक लिवा. पण ट्रॅफिक रोजच हाय. मग उद्यापास्नं काय करणार, ते चौथ्या रकान्यात.”

माय गं! पहिल्या दिवशी शाळेत अंगठे धरायला लावल्यासारखं वाटलं. मी तणतणत कागद भरला. ‘पंधरा मिनिटं आधी निघणार’ असं लिहिलं, सही ठोकली. त्यांनी तो वाचला, खाली स्वतःची सही केली, फाइलला लावला आणि एकदम हसून म्हणाले, “झालं. मिटलं. चला, चहा घेऊया.” त्या सात मिनिटांचा उल्लेख त्यांनी पुढे कधीही केला नाही. आमच्या घरी माझ्या आत्याने एकोणीस वर्षांपूर्वी विसरलेली ओटी अजून निघते, त्यामुळे हे मला फारच नवीन होतं.

अण्णा मूळचे चिकोडीकडचे. राहायला चामराजपेटेत, बाजाराजवळच्या एका बोळात, वरच्या मजल्यावर. घरात मराठी, दारात कन्नड, कारखान्यात दोन्हीची भेळ. आमचा कारखाना पंपांचे बुश बनवतो. बुश म्हणजे पंपाच्या पोटात जो दांडा फिरतो, त्याच्याभोवती बसणारं धातूचं नळकांडं. दिसायला काहीच नाही, पण त्याचं भोक डोक्याच्या केसाच्या दहाव्या हिश्शाने जरी चुकलं तरी अण्णा त्याला लाल रंगाचा ठिपका लावून बाजूला काढत. लाल ठिपका म्हणजे नापास. आणि जो माल ठरल्यापेक्षा वेगळा, पण कदाचित चालेल असा असतो, त्याच्यासाठी ही गुलाबी चिठ्ठी. तिचं अधिकृत नाव डेव्हिएशन नोट. अशा चिठ्ठ्या सगळ्याच कारखान्यांत असतात. फरक इतकाच, की बाकीचे लोक ती फक्त कारखान्यात वापरतात.

डेव्हिएशन या शब्दावर अण्णांचा भारी जीव. इंग्रजी त्यांना कामापुरतंच येई, पण अ‍ॅव्हेन्यू रोडच्या फुटपाथवर घेतलेल्या, पुठ्ठा निघालेल्या एका डिक्शनरीतून त्यांनी या एका शब्दाचं सात पिढ्यांचं कूळ काढून ठेवलं होतं, आणि नवीन माणूस आला की त्याला ते ऐकावं लागे.

“डी म्हंजे सोडून. व्हिया म्हंजे वाट. लॅटिन हाय. वाट सोडून गेला, झालं डेव्हिएशन. आता सांगा बाई, ह्यात पाप कुठं हाय? माणूस वाट सोडणारच की ओ. शेरडं सोडतात, माणूस का न्हाई?”

मग त्याच घरातली भावंडं यायची. ऑब्व्हियस म्हणजे वाटेत आडवंच आलेलं, न दिसून जातंय कुठं. ट्रिव्हियल म्हणजे तीन वाटा मिळतात तिथलं, आपल्या तिकटीवरच्या गप्पा. आणि सगळ्यात शेवटी डेव्हियस. तिथे अण्णांचा आवाज खाली यायचा, घरातल्या वाया गेलेल्या पोराबद्दल बोलावं तसा.

“हा मूळचा वाईट न्हवं. पहिल्यांदा ह्याचा अर्थ नुसता आडवाटेचा, लांब राहणारा, एवढाच. मागनं लबाड झाला. का झाला, सांगा?”

“का?”

“आडवाटेला लागला आणि कुणाला बोलला न्हाई. लई दिवस गप बसला की माणूस लबाडच होतो.”

हे शेवटचं डिक्शनरीत नव्हतं, मी नंतर बघितलं. ते अण्णांचं स्वतःचं. डिक्शनरीत एक मात्र खरोखर होतं, जहाजाच्या होकायंत्राचं. जहाजाच्या स्वतःच्याच लोखंडाने सुई ओढली जाते आणि उत्तर भलतीकडे दाखवते, त्या चुकण्यालाही हाच शब्द. मी विचारलं, “मग खलाशाला कळतं कसं?” अण्णा म्हणाले, “किनाऱ्यावरच्या खुणेशी ताडून बघायचं. जहाजात बसून न्हाई कळत.” आणि चहाचा कप विसळायला गेले.

आता यांचे प्रताप ऐका. चामराजपेटेहून कंपनीची बस यायची. एक दिवस रस्ता खणलेला होता म्हणून ड्रायव्हरने गाडी दुसरीकडून घेतली. अण्णांनी उतरताना त्याला गुलाबी चिठ्ठी दिली. त्याने ती कपाळाला लावून देवाच्या तसबिरीमागे खोचली, त्याला वाटलं कुठल्यातरी मठाचा अंगारा आहे. दुसऱ्या दिवशी अण्णांनी शेजारी बसून कन्नडमध्ये समजावलं. त्यानंतर तो पठ्ठ्या इतका सुधारला, की सिग्नलला गाय आडवी आली तरी चिठ्ठी आणून द्यायचा. ‘का झालं’ या रकान्यात त्याने एकदा लिहिलं होतं, ‘गायीला विचारावे.’ अण्णांनी ती चिठ्ठी परत केली. कारण अपुरं होतं.

कँटीनवाल्याला सांबारात शेवग्याच्या शेंगा ठरल्यापेक्षा दोन कमी आल्याबद्दल चिठ्ठी. देवळाच्या कमिटीला आरती अकरा मिनिटं उशिरा झाल्याबद्दल चिठ्ठी, त्यावर पुजाऱ्याची सही. आणि कळस म्हणजे वैशालीचं लग्न. वैशाली त्यांची एकुलती मुलगी. संकेश्वरचं स्थळ सांगून आलं, त्यांनी आधीच फोनवर अपेक्षा कळवल्या होत्या: पाच फूट चार इंच, गोरी, शांत, स्वयंपाकात हुशार. बघायला मंडळी आली, पोहे झाले, आणि अण्णांनी मुलाच्या वडिलांच्या हातात गुलाबी कागद ठेवला.

काय ठरलं होतं: वरीलप्रमाणे. काय झालं: उंची पाच फूट दोन. रंग गव्हाळ. शांत: नाही. स्वयंपाक: भात येतो. का झालं: उंची आईकडून, स्वभाव माझ्याकडून. आता काय करायचं: आहे तशी स्वीकारावी अथवा परत जावे, दुरुस्ती शक्य नाही. कधीपर्यंत: कायम.

वैशाली आतून ओरडली, “अप्पा, माझी अब्रू काढायलाय काय तुम्ही!” मुलाचे वडील पाच मिनिटं तो कागद बघत बसले. मग मुलाने वडिलांच्या खिशातलं पेन घेतलं, कागद उलटा केला आणि पाठीमागे स्वतःची लिहिली. पगार सांगितला त्यापेक्षा कमी. पुढचे केस जाणार आहेत, वडिलांचे बघा. घोरतो. वैशालीने पडद्याआडून ती वाचली आणि होकार दिला. आज त्यांना दोन मुली आहेत आणि दोघीही अजिबात शांत नाहीत. तो कागद त्यांनी लॅमिनेट करून ठेवला आहे, हे मी स्वतः पाहिलंय.

या सगळ्याला एकच माणूस पुरून उरलं होतं, ते म्हणजे अण्णांची बायको, अक्का. उंच, हाडापेराने मजबूत, तोंडाने त्याहून. अण्णांना एकदा टायफॉइड झाला आणि पंधरा दिवस घरी बसावं लागलं. त्या पंधरा दिवसांत कुकरच्या शिट्टीला चिठ्ठी (तीन ठरल्या, चार झाल्या), दुधाला चिठ्ठी, शेजारच्या मांजराला चिठ्ठी. सोळाव्या दिवशी अक्कांनी सगळे गुलाबी कागद डब्यांखाली अंथरले आणि कारखान्यात मला फोन केला. “वानखेडेबाई, आमच्या ह्यांना न्या गं माय. ताप उतरलाय. उतरला नसला तरी न्या.”

त्यामुळे अण्णांच्या निवृत्तीची तारीख जवळ आली, तशी चामराजपेटेत घबराट पसरली. अक्कांनी स्पष्ट सांगितलं होतं, की हे गृहस्थ चोवीस तास घरी बसणार असतील तर त्या चिकोडीला भावाकडे जातील. अण्णांनाही घरी बसायचं नव्हतंच. त्यांना मुदतवाढ हवी होती, दोन वर्षांची. बावीस वर्षं ज्या खुर्चीवर बसले, ती सोडून जायचं म्हटलं की त्यांचा डबा अर्धा राहायचा, हे मी रोज बघत होते. मॅनेजरनी शब्द दिला होता. आमचे मॅनेजर पुण्याचे, वयाने माझ्याएवढे, बोलणं गोड. “अण्णा, दोन महिन्यांनी जर्मन कस्टमरचं ऑडिट आहे. ते क्लीन गेलं की तुमचं लेटर रेडी समजा.” अक्कांनी त्या ऑडिटसाठी मारुतीला नारळ बोलला.

आणि इथे ते कडं आलं.

क्वालिटीच्या कपाटात पोलादाची दोन कडी होती, बांगडीएवढी, आरशासारखी गुळगुळीत. मास्टर रिंग म्हणतात. मोजायची सगळी यंत्रं सकाळी या कड्यावर लावून घ्यायची, कडं सांगेल ते खरं. एक कडं रोजच्या वापराचं, दुसरं राखीव. नियम असा, की वापरातलं कडं दरवर्षी बाहेरच्या लॅबमध्ये तपासून आणायचं. अण्णा त्यांचं कडं कुणाला हात लावू देत नसत. रेशमी फडक्यात गुंडाळून आपल्या लॉकरमध्ये. लॅबला जायचं ते राखीव. “देवाला कधी तपासायला पाठवतात काय ओ?” असं विचारायचे.

देवच होता तो त्यांचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी इकडे सगळ्या कारखान्यांत आयुधपूजा असते. यंत्रांना झेंडूच्या माळा, गाड्यांना केळीचे खुंट, चाकाखाली लिंबं, चुरमुरे-फुटाण्यांचा प्रसाद. त्या दिवशी अण्णा पहाटे अंघोळ करून सोवळ्यात यायचे, कडं चांदीच्या ताटात घ्यायचे आणि घरातल्या देवांना करतात तसं चिंचेने आणि रांगोळीने घासून लख्ख करायचे. आत, बाहेर, अंगठ्याने गोल गोल, स्तोत्र संपेपर्यंत. मग हळदकुंकू, फूल. नास्तिक लोकसुद्धा ते बघायला थांबत.

ऑडिटच्या आधी मॅनेजरनी फर्मान काढलं, मोजायची सगळी साधनं, सगळी गेजेस लॅबला पाठवा, एक राहता कामा नये. अण्णा त्या आठवड्यात चुलतभावाच्या नातवाच्या बारशाला चिकोडीला गेलेले. कागदपत्रं माझ्याकडे. मी लॉकरची दुसरी किल्ली घेतली आणि त्यांचं कडं रेशमी फडक्यासकट पाठवून दिलं. हे मी केलं. बाकी कुणाचा दोष नाही.

रिपोर्ट आला. कडं बारा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजार भागांतले बारा भाग, मोठं.

मला वाटलं लॅबवाल्याने शेण खाल्लं. अण्णा परत आले, मी कागद पुढे केला. ते आधी हसले. मग चष्मा पुसला. मग कडं उचललं आणि रिक्षाने दुसऱ्या लॅबमध्ये स्वतः घेऊन गेले, मांडीवर ठेवून. मी बरोबर होते. रिक्षावाल्याने खड्ड्यात गाडी आपटली, तेव्हा अण्णा त्याला ओरडले नाहीत, नुसते कड्यावर वाकले. दुसऱ्या लॅबचा आकडाही बाराच.

परत आल्यावर खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, “बाई, रांगोळी कशाची असती?”

“दगडाची भुकटी.”

“आणि मी बावीस दसरे घासलं. वर्षाला अर्धा मायक्रॉन आणि वर जरासं धरा.” त्यांनी हवेत बोटाने भागाकार केला. “बरोबर येतंय की ओ.”

मला हसू आलं, खरंच सांगते, मोठ्याने आलं. ज्या कड्यावर बाकीचं जग तपासायचं, ते कडं ह्या माणसाने प्रेमाने घासून घासून झिजवलं होतं! बावीस वर्षं! आणि हसता हसता मी त्यांच्याकडे बघितलं, तर ते खिडकीतून खाली पॅकिंगच्या शेडकडे बघत होते. तिथे नंजुंडा खोकी बांधत होता.

नंजुंडा नऊ वर्षांपूर्वी लेथवर, म्हणजे बुश कातायच्या यंत्रावर होता. बाकीचे टर्नर हळूहळू अण्णांच्या कड्याच्या अंदाजाने काम करायला शिकले होते, अण्णा पास करतील तेच माप. नंजुंडा मात्र आधीच्या नोकरीतून स्वतःचा मायक्रोमीटर घेऊन आलेला, आणि कस्टमरच्या ड्रॉइंगप्रमाणे काम करायचा. त्याचे बुश अण्णांच्या यंत्रावर बारीक यायचे. लाल ठिपका. पुन्हा लाल ठिपका. एक दिवस सगळ्यांसमोर तो म्हणाला, “नंदे सरी, सार. निम्दे तप्पु.” माझंच बरोबर, चूक तुमची. अण्णांनी त्याच्यापुढे कडं धरलं आणि विचारलं, “हे चुकीचं, आणि तू बरोबर?” सगळे हसले. महिनाभराने त्याला लेथवरून काढून पॅकिंगला घातलं. नऊ वर्षं तो दुसऱ्यांचे चुकीचे बुश खोक्यांत भरत होता. हे मला जुन्या लोकांनी सांगितलेलं, आणि मीसुद्धा तेव्हा म्हटलं होतं, असतात एकेक हेकट माणसं.

मॅनेजरना सांगितल्यावर त्यांनी दार लावलं. “अण्णा, प्लीज. राखीव कडं एकदम ओके आहे ना? उद्यापासून ते वापरा. हे तुमचं घरी न्या, देव्हाऱ्यात ठेवा. कस्टमरची इतक्या वर्षांत एक कंप्लेंट नाही. कशाला उगाच? ऑडिट होऊ दे, लेटर घ्या, मग निवांत बघू.”

अण्णा “सरी” एवढंच म्हणाले. मी घाबरले. हो म्हणाले की काय?

रविवारी मी चामराजपेटेत गेले. अण्णा जमिनीवर बसलेले, पुढे कोरी गुलाबी चिठ्ठी. सकाळपासून तशीच होती, असं अक्का म्हणाल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. मी म्हटलं, “अक्का, तुम्ही तरी सांगा. मुदतवाढ जाईल.”

अक्का परातीत कणीक मळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “मी काय सांगू गं? ह्यांनी एवढ्या लोकांना चिठ्ठ्या दिल्या. मांजराला दिली. आता स्वतःची लिवायची वेळ आली तर पेन चालंना.” मग नवऱ्याकडे वळल्या. “लिवा! तोंड बघवंना तुमचं. घरी बसा हवं तर. पण माझ्या कुकरच्या वाटेला गेलासा तर याद राखा.”

अण्णांनी लिहिलं. काय ठरलं होतं: कड्याचं माप अचूक असेल. काय झालं: बारा मायक्रॉन मोठं. का झालं: चिंच, रांगोळी आणि भक्ती. कडं लॅबला न पाठवण्याची चिठ्ठी मी पहिल्याच वर्षी स्वतः लिहिली होती, त्यात ‘कधीपर्यंत’ हा रकाना कोरा ठेवला. आता काय करायचं: कडं बाद करावं. कस्टमरला कळवावं. नंजुंडाला लेथ परत द्यावी. माझ्याबद्दल जे ठरेल ते. कधीपर्यंत: लगेच.

ऑडिटला आलेला जर्मन तरुण होता, गंभीर. तो ‘का झालं’पाशी अडला. रांगोळी म्हणजे काय? मी भाषांतर करून दमले. शेवटी अण्णांनी डबीतून चिमूटभर रांगोळी काढली आणि एका बुशावर घासून दाखवली, स्तोत्रासकट, कारण स्तोत्राशिवाय त्यांना वेळेचा अंदाज येत नव्हता. जर्मनाने ते सगळं लिहून घेतलं. पुन्हा होऊ नये म्हणून काय उपाय, असं विचारल्यावर अण्णा म्हणाले, “फक्त फुलं. झेंडूसुद्धा नको, शेवंती.” तेही त्याने लिहून घेतलं. मुदतवाढीचं पत्र मॅनेजरच्या खणातच राहिलं. नंजुंडाचं बघू, असं मॅनेजर म्हणाले.

नवीन, अचूक मापाचे बुश जर्मनीला गेले. आणि पंधरा दिवसांत तिकडून तक्रार आली! बावीस वर्षांत पहिली! नवे बुश फार घट्ट बसतात, पंप तापतात, कृपया पूर्वीसारखे पाठवा. चार फोन झाले, आठ मीटिंगा झाल्या, आणि त्यांनी आपलं ड्रॉइंगच बदललं. नवीन माप, जुन्यापेक्षा बारा मायक्रॉन मोठं. म्हणजे कारखान्याचं अधिकृत माप आता अण्णांच्या पूजेने ठरवलेलं होतं.

मॅनेजर पेढे घेऊन क्वालिटीच्या खोलीत आले. “अण्णा, यू वेअर राइट ऑल अलाँग! तुमचंच कडं बरोबर! आता ती चिठ्ठी फक्त मागे घ्या, म्हणजे रेकॉर्ड साफ. आणि हे लेटर.” त्यांनी मुदतवाढीचं पत्र टेबलावर ठेवलं. दोन वर्षं, सहीसकट.

मी मनात म्हटलं, घ्या अण्णा, घ्या. देवाने हात दिलाय. चुकलं ते बरोबर निघालं, आता कुणाचं काय नुकसान आहे?

अण्णांनी पत्र पूर्ण वाचलं. पुन्हा वाचलं. खुर्चीच्या हातावरून त्यांनी दोनदा हात फिरवला. मग पत्र परत सरकवलं.

“चिठ्ठी मागं घेतली तर नऊ वर्षांमागं नंजुंडा चुकला होता असं हुतंय, साहेब. तो चुकला न्हवता.”

“अहो, पण आता ड्रॉइंगच बदललं...”

“आता बदललं. त्या दिवशी न्हवतं.”

मॅनेजर पेढ्यांचा पुडा तिथेच ठेवून निघून गेले. मला अण्णांचा इतका राग आला की मी त्यांच्याशी दिवसभर बोलले नाही. बसमध्ये मात्र मला रडू फुटलं, आणि शेजारी बसलेले हेच अण्णा मला विचारत होते, “काय झालं बाई? डोळ्यात काय गेलं काय?”

महिनाअखेरीला निरोपसमारंभ होता. वरच्या हॉलमध्ये हार, शाल, भाषणं, अक्का कांजीवरम नेसून पहिल्या रांगेत. चार वाजले, सवाचार झाले, सत्कारमूर्ती गायब. मला शोधायला पाठवलं.

अण्णा पॅकिंगच्या शेडमध्ये नंजुंडासमोर उभे होते. कड्याच्या चिठ्ठीचा गुलाबी कागद पुढे केलेला होता. “तुझ्यावर अन्याय झाला, म्हणून शेवटची सही तुझी,” असं ते कन्नडमध्ये सांगत होते. नंजुंडा कागदाकडे बघतही नव्हता. आजूबाजूला खोकी बांधणारे सगळे थांबले होते. मग तो आपल्या डब्याच्या पिशवीकडे गेला, आतून फडक्याची पुरचुंडी काढली, आणि अण्णांच्या हातावर एक बुश ठेवला. त्यावर लाल ठिपका होता. नऊ वर्षं जुना, काळा पडलेला.

“अळते माडी, सार,” तो म्हणाला. मोजा.

अण्णांनी मला राखीव कडं आणि यंत्र आणायला सांगितलं. मी धावत आणलं. त्यांनी यंत्र त्या कड्यावर लावून घेतलं, जुन्या ड्रॉइंगचा आकडा स्वतःशी पुटपुटले आणि बुश मोजला. परत मोजला. तिसऱ्यांदा मोजला. मग वर बघितलं आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, “सरी इदे. नंजुंडनदे सरी.”

बरोबर आहे. नंजुंडाचंच बरोबर.

नंजुंडा खोक्यावर बसला आणि खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसायला लागला, आणि ते पुसणं काही संपेना. वरून माझा फोन वाजत होता, मॅनेजर, मग अक्का, मग पुन्हा मॅनेजर. अण्णा नंजुंडाशेजारी त्याच खोक्यावर टेकले. खिशातून रुमाल काढला, आणि बुशावरचा लाल रंग अंगठ्याच्या नखाने खरवडायला लागले.

“अण्णा, वर सगळे थांबलेत,” मी म्हटलं.

“साकु, सार,” नंजुंडाही म्हणाला. पुरे झालं.

अण्णांनी बुश उजेडात धरून बघितला. “अजून हाय की जरा,” ते म्हणाले, आणि पुन्हा खरवडायला लागले.